मामांसाठीचा आवाज

"अहोऽऽ, ऐकता का?"

मामींची ही हाक इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत पार शेवटच्या बंगल्यापर्यंत जायची. आवाज किरटा, कानात घुसणारा. पोचायची नाही ती फक्त चार हातांवर उभ्या असलेल्या मामांपर्यंत. सगळी गल्ली ज्यांना मामा-मामी म्हणायची त्या दोघांची पिठाची गिरणी होती आणि मामी वजनकाट्यावर बसत. नव्वदच्या दशकात आमची वस्ती नवीन होती, सगळ्यांचं दळण तिथंच.

गिरणी चालू असली की सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. मामा चिमटीतलं पीठ पुढे करून भुवया उडवायचे, म्हणजे जाड हवं की बारीक. आपण मान हलवायची. त्यामुळे मामांना ऐकू कितपत येतं हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नाही. शिवाय दूधवाला, रिक्षावाला काही बोलला तर ते बरोबर उत्तर द्यायचे.

"बाप्यांचं बरं ऐकू येतं," मामी मला म्हणायच्या. "माझं तेवढं नाय. मला काय नुसती काटा धरायला आणली का?" मामी मूळच्या सायखेडा गावच्या. चिडल्या की तोंडाला लगाम नाही, आणि बहुतेक वेळा त्या चिडलेल्याच असत.

गिरणीत उंदरांसाठी एक करडी मांजर होती, पिठानं कायम अर्धी पांढरी. तुम्ही मांजरं पाळली असतील तर पाहिलं असेल, मोठी मांजरं आपसात म्यांव फारशी करत नाहीत. ही शेजारच्या बोक्यावर फिसकारायची, गुरगुरायची, मूड असला तर नाकाला नाक लावायची. पण त्याला कधी म्यांव म्हणाली नाही. म्यांव फक्त माणसांसाठी. मामींकडे दूध मागताना बारीक, लाडिक. दार उघडायला सांगताना तुटक, हुकूम सोडल्यासारखं. मला पाहून ती नुसतं तोंड उघडून मिटायची, कारण ही बाई काही देत नाही हे तिनं केव्हाच ओळखलं होतं.

एका उन्हाळ्यात मामींनी मनाशी ठरवलं. "रोज चार वाजता इचारती, चहा घेता का. हूं नाय की चूं नाय. मग मी एकटीच पिती. भावाला निरोप धाडलाय, उद्या न्यायला येतोय. परत यायची नाय मी." हे सांगताना त्यांचे डोळे कोरडे होते, म्हणून मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दळण आणायला गेले तेव्हा वीज गेलेली. गिरणी बंद, गल्ली चिडीचूप. मामा पाठमोरे बसून गिरणीचा पट्टा तपासत होते. काट्याशेजारी मामींची पिशवी भरून ठेवलेली. मामींनी शेवटचं म्हणून विचारलं, "अहो, चहा घेता का?"

मामा ढिम्म. मामींनी माझ्याकडे पाहिलं. बघितलंत ना, असं.

तेवढ्यात मांजर आली, मामांच्या मागे जाऊन बसली आणि तिनं आवाज काढला. मी तिचे सगळे आवाज ओळखत होते, पण हा कधी ऐकला नव्हता. जाडा, लांबट, पोटातून आलेला. मामांनी लगेच वळून पाहिलं. "आली का गं," म्हणत पोळीचा तुकडा टाकला. तो खाऊन ती मामींकडे आली आणि नेहमीच्या बारीक आवाजात दूध मागायला लागली.

आम्ही शहाण्यासुरत्या बायका इतकी वर्षं त्या उंबऱ्यावर उभ्या होतो. आणि हे एवढंसं जनावर एकेक आवाज लावून बघत गेलं असणार, या माणसाला पोचेल असा सापडेपर्यंत. कोणी सांगितलं असेल तिला? आजही विचार केला की मी थक्क होते.

मामी कितीतरी वेळ मांजरीकडे बघत राहिल्या. मग घसा खाकरून, बाप्यासारख्या जाड्या आवाजात, हळूच म्हणाल्या, "अहो."

मामा वळले. "काय गं?"

मामींनी त्याच आवाजात विचारलं, "चहा घेता का?"

"घेतो की," मामा म्हणाले. "किती दिसांनी इचारलंस."

मामी काट्याला धरून तिथंच खाली बसल्या आणि रडल्या. मीही रडले, लपवायचं कशाला. संध्याकाळी भाऊ आला, त्याला पोटभर जेवू घालून एकट्यालाच परत पाठवलं.

पुढे मामी मामांशी त्याच आवाजात बोलायच्या. भांडायच्याही. आता मामांना सगळं कळत असल्यामुळे ते उलट उत्तर द्यायचे आणि भांडणं पूर्वीपेक्षा लांबायची. बायका विचारायच्या, "मामी, सर्दी झाली का?" मामी म्हणायच्या, "मांजरीकडं शिकवणी लावलीय."

बऱ्याच वर्षांनी मामा गेले, झोपेतच. दिवस झाल्यावर मी मामींना भेटायला गेले. गिरणीचं शटर अर्धं वर होतं. म्हातारी झालेली मांजर बंद गिरणीसमोर बसून तोच जाडा आवाज काढत होती. काढायची, थांबायची, कोणी वळतंय का बघायची, पुन्हा काढायची. मला ऐकवेना. तिला उचलून घ्यायला मी वाकले.

"राहू द्या, ताई," मामी म्हणाल्या. "मारू द्या तिला हाका. मी सकाळीच मारून बघितल्या."