पेशंट घरीच हाय!

शिबिर संपवून परत निघालो की आमच्या जीपमध्ये सामान कमी आणि किस्से जास्त असतात. बँडेज संपून जातं, दोरी कोणीतरी म्हैस बांधायला मागून नेतो आणि परत देत नाही. किस्से मात्र कोणी मागून नेत नाही, त्यामुळे ते साचतच जातात!

आमची टीम तिघांची. रेखाताई आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आता रिटायर झाल्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच. धनराजभाऊ आसगावचे. घरी धानाची शेती, पण डोंगर चढायचे कोर्स करून आलेले. दोरी, पोहणं, जंगलातला मुक्काम हे त्यांचं खातं. आणि मी शाळेत सायन्स शिकवणारा मास्तर, सुट्टीच्या दिवशी यांच्यासोबत प्रथमोपचार शिकवतो. तिघांत कधीमधी घाबरणारा मी एकटाच. त्या दोघांच्या कॉन्फिडन्सचं तर विचारूच नका!

*

सानगडीचं शिबिर. माणसाचा श्वास थांबला तर छाती कशी दाबायची, हे शिकवायला आमच्याकडे एक रबरी डमी आहे. कमरेच्या वर माणूस, खाली काहीच नाही. शाळेच्या व्हरांड्यात तिला चटईवर निजवलं, अंगावर चादर टाकली आणि आम्ही चहाला गेलो.

परत येऊन पाहतो तर शेजारची एक म्हातारी उशाशी बसून पदरानं वारा घालते आहे!

"कोनाचं लेकरू हाय हे? अन् तुम्ही चाय पिऊन राहिले?"

रेखाताई कसल्या चान्स सोडतात! "आजी, श्वास नाही चालत त्याचा. मी सांगते तसं दाबा!" म्हातारीचे दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेवून दिले. "कोपर सरळ! जोरात! अजून जोरात!" म्हातारी दाबते आहे, सगळा वर्ग आकडे मोजतो आहे. दाबता दाबता चादर सरकली. खाली पायच नाहीत!

म्हातारी थांबली. सगळे हसायच्या तयारीत. तिनं एकदा निरखून पाहिलं आणि पुन्हा दाबायला लागली.

"पाय नसले तं का झालं, जीव तं हाय ना!"



*

पवनीकडच्या एका गावात धनराजभाऊ सर्पदंशावर बोलत होते. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही, पेशंटला चालवायचं नाही, सरळ दवाखाना. तेवढ्यात दोन भाऊ मोटरसायकलवर भरधाव आले. मागच्याच्या मांडीवर झाकणाची बकेट.

"सर, हाच चावला!" म्हणून झाकण उचललं.

सगळं शिबिर बेंचवर! मी तर टेबलावर! धनराजभाऊ मात्र जागचे हलले नाहीत. झाकण दाबलं आणि विचारलं, "पेशंट कुठं हाय?"

"पेशंट घरीच हाय ना जी! गाडीवर जागा कुठं होती?"

ते घर येईपर्यंत मी जीप कशी चालवली ते मलाच ठाऊक. पेशंट या दोघांचा मोठा भाऊ. पाय सुजलेला, चेहरा पांढरा पडलेला. बायको दारात उभी, तिला रडूही फुटत नव्हतं. धनराजभाऊंनी पायाला लाकडाची पट्टी लावली, पाय हलू दिला नाही, आणि सगळा रस्ता त्याच्याशी बैल, बांध, पाहुणे असं काय काय बोलत राहिले. "काही होत नाही तुले. मी हाय ना!" दवाखान्यात वेळेत सुई लागली. गडी वाचला!

संध्याकाळी तोंड उघडलं तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, "माहा सगळ्यात लहान भाऊ कुठं हाय?"

"बकेटवर बसून हाय," धनराजभाऊ म्हणाले. "उठू नको म्हनून सांगून आलो."

*

शहापूरला शिक्षकांचं शिबिर होतं. विषय दोरीच्या गाठी. कड्यावरून माणूस उतरवायचा तर गाठ कशी हवी, हे दाखवायला धनराजभाऊ स्वतः कडुनिंबाला टेकून उभे राहिले. "बांधा मले! सुटलो तं तुम्ही नापास!"

गुरुजी लोक पेटले. एक गाठ, दोन गाठी, त्यावर अजून एक. धनराजभाऊंनी अंग पिळून पाहिलं, श्वास आत ओढून पाहिला. एकही गाठ ढिली नाही! टाळ्या पडल्या, आणि नेमकी जेवणाची घंटा झाली.

आम्ही जेवून, हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून परत आलो. धनराजभाऊ झाडालाच! खांद्यावर मुंगळे फिरत होते. चेहरा मात्र निकाल जाहीर करणाऱ्या हेडमास्तरसारखा.

"सगळे पास!"

*

साकोलीकडे एका गावात आमचं शिबिर समाजमंदिरात, आणि बाहेर पटांगणात नाटकाची तालीम. आमच्या झाडीपट्टीत हिवाळा लागला की गावोगावी नाटकं उभी राहतात. दुपारी रेखाताई हात धुवायला बाहेर गेल्या. पाहतात तर एक माणूस छाती धरून धाडकन जमिनीवर पडला! ताईंनी पदर खोचला आणि थेट त्याच्या उरावर!

खालून आवाज आला, "बाई, मरू द्या ना जी मले! हाच तं माहा सीन हाय!"

आम्हाला वाटलं, आता तरी ताई ओशाळतील. कुठलं काय! त्यांनी विचारलं, "कशानं मरून राहिला तू?"

"विष पिऊन."

"मंग छाती कायले धरतं? पोट धर! घाम फुटू दे, लाळ गळू दे. आधी थोडा ओक!"

अर्धा तास त्याला मरायला शिकवलं. पुढे खेळ झाला तेव्हा ऐकलं, पहिल्या रांगेतल्या बाया उठून पाण्याचे तांबे घेऊन स्टेजवर धावल्या!

*

आणि हा शेवटचा. रेखाताईंना सवय होती, न सांगता डेमो सुरू करायची. बोलता बोलता फतकल मारायची नाहीतर डोळे फिरवायचे, आणि कोण धावतं ते पाहायचं. त्या शिबिरात सकाळपासून दोनदा झालं होतं. वर्गात शीतल नावाची एक नवी अंगणवाडी सेविका होती. सरावात दणका मारायला तिचा हातच उठत नव्हता. "लागन ना ताई समोरच्याले!" म्हणायची.

मधल्या सुट्टीत कोणीतरी तळ्यातले शिंगाडे उकडून आणले होते. ताई खात खात मागच्या बेंचवरच्या एका गुरुजींच्या शंकेला उत्तर देत होत्या आणि मध्येच बोलणं बंद झालं. हात गळ्याशी. तोंड उघडं, आवाज नाही.

"वा! आता घशात अडकल्याचा डेमो!" गुरुजी म्हणाले आणि टाळ्या सुरू! मीसुद्धा वाजवल्या.

शीतल समोरच बसली होती. तिला ताईंचे ओठ दिसले. निळे. ती बेंचवरून उडी मारून आली. ताईंना पुढे वाकवलं आणि पाठीवर तळहातानं दणके घातले. काही नाही. मग मागून कवेत घेतलं, बेंबीच्या वर मूठ ठेवली आणि आत, वर, असा झटका दिला. अजून एक. ताईंचे गुडघे वाकायला लागले. शीतल रडत होती, ओरडत होती, पण झटके थांबवत नव्हती.

"निघ ना वो माय! निघ!"

शिंगाड्याचा तुकडा उडून फळ्यावर आपटला.

ताईंनी श्वास ओढला. केवढा मोठा! मग शीतलच्या गळ्यात पडून त्या हमसून हमसून रडल्या. टाळ्यांचा नुसता कडकडाट! आणि मागून गुरुजींचा आवाज आला.

"ताई, मागच्यांले दिसलं नाही. अजून एक डाव करा ना!"