भाऊजींसाठी मोठे स्वर

पुलाच्या मध्यावर आल्यावर ताईने कॉम्प्युटरचा डबा कठड्यावर टेकवला आणि बसवाल्याला पुन्हा पहिल्यापासून शिव्या घालायला सुरुवात केली.

"ओझ्याचं तिकीट म्हणे! मांडीवर घेऊन बसले होते मी. लोक पोरं मांडीवर घेतात, त्यांचं तिकीट फाडतो का हा?"

"पोरांना कोपरे नसतात ताई," धाकटी म्हणाली. "शेजारच्या बाईंच्या बरगडीत घुसला होता तो."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

धाकटी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणू लागली. तिच्या हाताला वळ उठले होते. जुन्या चादरीत बांधलेल्या त्या डब्याची एक गाठ ताईच्या हातात होती, दुसरी तिच्या. बसमधून भांडून उतरल्यापासून दोघी बहिणी तो असा झोळीसारखा वाहत होत्या, आणि घर अजून नदीच्या त्या अंगाला, दोन चढ ओलांडून पुढे होतं.

"काय पुटपुटतेस?"

"काही नाही. देवाचं नाव घेतेय."

"घे. आणि त्याला म्हणावं, एवढं लक्ष असेल तर ये खाली आणि धर एक गाठ."

ताईचा राग नाकाच्या शेंड्यावर असे हे अख्ख्या नात्यागोत्याला माहीत होतं. पण पूर्वी तो राग भाजी उतू गेल्यासारखा होता. झाकण काढलं की खाली बसायचा. भाऊजींचे डोळे जाऊ लागल्यापासून तो बसेनासा झाला होता. ताईने प्रार्थनेला जाणं सोडलं. घरातली समई माळ्यावर टाकली. धाकटीने कधी "देवाच्या कृपेने" असं म्हटलं तर ताई उठून दुसऱ्या खोलीत जायची.

भाऊजी व्हायोला वाजवत. दिसायला व्हायोलिनच, पण अंगाने जरा मोठं आणि आवाजाला जाड. प्रार्थनेच्या मंडळींत दर आठवड्याला नवी पदं बसत, आणि भाऊजींच्या वाट्याला नेहमी मधला भाग यायचा. वरची चाल ऐकणाऱ्याच्या ओठांवर राहते. मधला भाग कुणाच्याच लक्षात राहत नाही, पण तो काढून घेतला तर सगळं पोकळ वाटतं. तो पाठ करून वाजवता येत नाही, कागद समोर लागतोच. आणि भाऊजींच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक काळा डाग पसरत चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, कडेची नजर आहे तोवर आहे. मंडळींचे प्रमुख म्हणाले, "मास्तर, महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. मग दुसरं कुणीतरी बघावं लागेल." त्यावर भाऊजी फक्त हसले, आणि घरी येऊन त्यांनी वाद्य कपाटावर ठेवून दिलं.

ताईचा धंदा स्वर उतरवून देण्याचा. गाणी बांधणारे लोक खाडाखोड केलेला कागद आणून देत, आणि ती त्यातून प्रत्येक वादकाचा भाग वेगळा, स्वच्छ लिहून देई. पाच रेषा, त्यांवर टिंबं. एकाच वेळी वाजणारे स्वर बरोबर एकाखाली एक. केसाएवढी ओळ हलली तरी ती कागद फाडून टाकायची. पुढे हाताचं काम मशीनवर आलं आणि तीही मशीनवर गेली. मग नवऱ्यासाठी स्वर मोठे करून छापायचे म्हणजे हातचा मळ, असं तिला वाटलं.

माशी तिथेच शिंकली. तिचा स्वर लिहायचा प्रोग्राम फुकटातला होता. देशोदेशीची माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो लिहीत आणि लिहिलेलं सगळं जगाला उघडं ठेवत. त्यात स्वर एका मापापलीकडे मोठे केले की रेषा एकमेकींवर चढत आणि खालचे शब्द स्वरांत घुसत. ते दुरुस्त झालं होतं, पण अजून तयार प्रोग्रामात आलं नव्हतं. घाई असेल तर मूळ मजकूर घ्या आणि प्रोग्राम आपल्या मशीनवर आपणच बांधा, असं त्यांच्या पानावर लिहिलेलं. म्हणजे शिवलेला सदरा नाही. कापड आणि मापं घ्या, शिवायचं घरी.

"मला शिवता येतं," ताई म्हणाली होती आणि पदर खोचून बसली होती.

बांधायला घेतलं की मशीन म्हणायचं, अमुक जोडसामान नाही. ते आणलं की म्हणायचं, तमुक नाही. ताई एकेक आणत गेली, शब्दकोश मांडीवर घेऊन. शेवटी सगळं जमलं, आणि बांधणीची आज्ञा दिल्याबरोबर एकच ओळ उमटली: दोन भाग वेगळे करणारी खूण सापडत नाही, थांबलो. पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा थांबलो. किती दिवस मशीन थांबलेलंच होतं. मग ताईला वाटलं मशीनच बिघडलं, आणि दोघी ते दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेल्या.

"ठणठणीत आहे म्हणाला," पुलावरून पुन्हा चालू लागताना ताई दात खाऊन म्हणाली. "आणि वर विचारतो, या वयात हे उद्योग कशाला? या वयात! मग कोणत्या वयात करू? नवऱ्याचे डोळे माझं वय विचारून जाणार आहेत का?"

"त्या घुबडाने काय विचारलंय ते पाठव ना मग."

घुबड म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी एक. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. नावाच्या जागी घुबडाचं चित्र. ताईने त्यांच्या चर्चेच्या पानावर एक सणसणीत पत्र टाकलं होतं, आणि घुबडाने एका ओळीत उत्तर दिलं होतं: बांधणीच्या सूचनांची तुमची फाइल इथे लावा, बघतो.

"माझी फाइल कशाला बघायची? मी कशालाही हात लावलेला नाही. एक ओळ बदलली, ती पण त्यांनीच सांगितलेली. ते जोडसामान माझ्याकडे दुसऱ्या जागी आहे म्हणून. चूक यांची, आणि तपासणी माझी!"

"हात लावलेला नाहीस तर दाखवायला काय जातं?"

ताईने तिच्याकडे असं पाहिलं की धाकटीने पुढचा चढ मुकाट्याने चढला.

घरी भाऊजी खिडकीपाशी बसले होते. दार वाजल्यावर त्यांनी मान तिरकी केली; हल्ली ते माणसाकडे कडेने बघत.

"आलात? किती जणांशी भांडून आलात?"

"एकाशी," ताई म्हणाली.

"दोघांशी," धाकटी म्हणाली. "दुकानदार धरून."

"हं. आज कमी भरले."

ताई पाय आपटत स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. जाता जाता म्हणाली, "पाठव जा त्या घुबडाला. एकदाचं तोंड बंद होऊ दे त्याचं."

धाकटीने तारा जोडल्या, मशीन सुरू केलं, चर्चेचं पान उघडलं. फाइल लावायच्या आधी तिने ताईचं पत्र वाचलं. आतापर्यंत तिने ते नुसतं ऐकलं होतं, तेही ताईच्या तोंडून आणि सोयीपुरतं. पत्र लांबलचक होतं. फुकट देता म्हणून काहीही देता का, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असं बरंच. आणि अगदी शेवटी: माझ्या नवऱ्याचे गेले तसे तुमचेही डोळे जावोत, म्हणजे कळेल.

धाकटीने तो शेवट पुन्हा एकदा वाचला. ती तशीच उठून स्वयंपाकघरात गेली.

"ताई, हे तू लिहिलंस?"

"काय?"

"डोळे जावोत म्हणून?"

"हळू बोल." ताईने खिडकीच्या खोलीकडे पाहिलं. "त्यांना ऐकू जाईल."

"शब्दकोशात बघून बघून शाप दिलास तू? अनोळखी माणसाला?"

"रागात लिहिलं."

"रागात लिहिलं म्हणजे कमी लिहिलं का?"

"तू नको शिकवू मला!" ताई दबक्या आवाजात ओरडली. चिमट्यातलं पातेलं हिंदकळून चहा ओट्यावर सांडला. "त्यांचे डोळे घेतले तेव्हा मला कुणी विचारलं होतं? आयुष्यभर त्याच्याच दारात वाजवलं त्या माणसाने. एक पद चुकवलं नाही. त्याला मिळालं काय? आणि मी दोन शब्द लिहिले तर तुला कापरं भरतंय!"

धाकटीच्याही तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं ताई रागवायची आणि ती गप्प बसायची. घराची अशी वाटणीच झाली होती. "भरतंय कापरं," ती म्हणाली. "कारण तुझ्या घरात तो आजार आहे. तो काय आहे हे तुला माहीत आहे. माहीत नसणाऱ्याने असं म्हणणं वेगळं."

ताईने फडकं उचललं आणि ओटा पुसत राहिली, कोरडा झाल्यावरही. धाकटीने बाहेर जाऊन फाइल पाठवली आणि चहा न घेता आपल्या घरी गेली.

सकाळी तीच आधी आली. रात्रभर तळमळली होती, पण ते ताईला सांगण्यात अर्थ नव्हता. ताई मशीनसमोर बसली होती, अगदी ताठ.

"वाच," ती म्हणाली.

घुबडाने लिहिलं होतं: "फाइल पाहिली. कुणीतरी मोठ्या मायेने सगळ्या ओळी एकाखाली एक लावल्या आहेत. पण या फाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबची कळ दाबलेली असावी लागते. तिथे साध्या मोकळ्या जागा सोडल्या तर मशीनला ती आज्ञा वाटतच नाही. दिसायला दोन्ही सारखंच. तेवढं बदला, बाकी ठीक आहे. मोठ्या स्वरांची दुरुस्ती मीच केली होती. ज्यांच्यासाठी हवी आहे त्यांना वाचता आलं का, ते जरूर कळवा."

डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही.

"तू ओळी नीट केल्या होत्यास?" धाकटीने विचारलं.

"एक ओळ बदलायला उघडली. सगळं वाकडंतिकडं दिसलं. कुठे आत, कुठे बाहेर. बघवेना. लावून घेतलं." ताईचा आवाज फाटला होता, पण रडका नव्हता, तो संतापच होता, फक्त आता त्याला बाहेर जायला वाट नव्हती. "हात लावला असं वाटलंच नाही मला. नीट करणं म्हणजे हात लावणं असतं का? पण गाढवीणच मी! जन्मभर लोकांना ओरडत आले, वादकाने गप्प राहायचं तिथेही खूण काढा, नुसतं रिकामं सोडू नका म्हणून. आणि मीच..."

तिने कळफलक असा ओढला की कप पालथा झाला. मग एकेक ओळीवर जाऊन मोकळ्या जागा पुसायच्या आणि टॅब दाबायचा, पुसायच्या आणि दाबायचा. प्रत्येक कळेला चापट मारल्यासारखा आवाज. धाकटीने मदत करू का विचारलं नाही.

या वेळी मशीन थांबलं नाही. ओळींमागून ओळी पडद्यावरून वर सरकत राहिल्या. दोघी जेवल्या, भांडी झाली, तरी सरकतच होत्या. ताई दर थोड्या वेळाने येऊन डोळे वटारून बघायची, जणू नजर हलली तर ते पुन्हा दगा देईल. मग सरकणं संपलं. ताईने प्रोग्राम मशीनवर बसवला, येत्या आठवड्याचं पद उघडलं, स्वर मोठे केले, आणखी मोठे केले. रेषा आपापल्या जागी राहिल्या. शब्द खाली वाट बघत उभे राहिले.

छापलेल्या कागदावर कशाबशा तीन ओळी मावल्या होत्या. स्वर कोटाच्या बटणांएवढे. ताईने कागद भाऊजींसमोर धरला नाही, कागद लावायच्या घोडीवर नुसता आपटला. धाकटीने कपाटावरून वाद्य काढून दिलं.

भाऊजींनी वाद्य लावलं, मान तिरकी केली, कडेने बघितलं. मग वाजवायला लागले. सावकाश, अडखळत, चाल नसलेला तो मधला भाग. धाकटीने डोळे मिटले. दुसऱ्या ओळीवर वाजवणं थांबलं.

"इथे चुकलंय," भाऊजी म्हणाले. "हा स्वर एक घर वर हवा."

"मुळीच नाही!" ताई कडाडली. "छापलंय ते बरोबर आहे. तुम्हीच दर वेळी तो चुकीचा वाजवता."

"मी?"

"तुम्हीच! वर्षानुवर्षं! कागदात वाचायचं असतं, मनाचं वाजवायचं नसतं!"

"बरं बाई. दिसतंय आता, वाचतो," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी तो स्वर जसा छापला होता तसा वाजवला.

ताई तडक मशीनपाशी गेली, खाडखाड दोन ओळी लिहिल्या आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. धाकटी मागोमाग गेली. आतून मधला भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेला ऐकू येत होता.

"त्याला कळवलंस?" धाकटीने विचारलं.

"आता कळवलं. चूक माझीच होती. वाचता आलं. एवढंच."

"आणि डोळ्यांचं?"

"पत्र पुसलं तिथून. पण त्याने वाचलंय ना." ताई जिन्याचा कठडा नखाने खरवडत होती. रंगाची खपली निघाली, तिने ती खाली भिरकावली. "ऐक. हसशील तर धक्का देईन इथून."

"नाही हसत."

"तू नाव घेतेस ना रोज. बसमध्ये, पुलावर, उठता बसता. त्यात त्या घुबडाच्या डोळ्यांचं घाल. सांग त्याला, ते बोलणं खरं धरू नकोस म्हणून. रोज सांग, विसरू नकोस. मी सांगितलं असतं," ताई म्हणाली, "पण माझा त्याच्याशी अबोला आहे, आणि तो मी सोडणार नाही."