‘बसली’ असं कोणी ओरडलं नव्हतं

आमची तरती गोदी भंगारात गेली ही बातमी मला साहेबांच्या फोनवरून कळली. साहेब म्हणजे नौदलाच्या त्या गोदीवरचे आमचे सुपरवायझर, पुण्याकडचे. नव्वदीला टेकलेत, पण आवाजातली ऐट तशीच आहे.

“तिच्या सेवेचा इतिहास लिहितोय, स्मरणिकेसाठी. तूही एक पान दे. फक्त तुमच्या आदिलाबादी मराठीत ‘करून राह्यलो’ लिहू नकोस,” असं म्हणून ते हसले. मग त्यांनी आपल्या लेखाचा शेवट वाचून दाखवला. गोदीच्या चुकीनं एकही अपघात झाला नाही. एक पाणबुड्या कामगार दारू पिऊन पाण्यात उतरला आणि पाय गमावून बसला, तेवढाच काय तो डाग.

“तूच तर साक्ष दिली होतीस,” ते म्हणाले.

“हो साहेब,” मी म्हणालो. फोन ठेवला आणि अंगणात वाळत घातलेली ज्वारी वर-खाली करू लागलो. मनात आलं, या माणसाला इतकं शांतपणे मरू द्यायचं नाही.

तरती गोदी म्हणजे काय, ते आमच्या भागात कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. दोन टोकं उघडी असलेली, दोन्ही बाजूंना भिंती असलेली लोखंडाची प्रचंड कोठी. तिच्या पोकळ तळात पाणी घेतलं की ती बुडते. मग जहाज आत ओढायचं आणि पंपांनी पाणी बाहेर काढायचं. गोदी वर येते आणि अख्खं जहाज मांडीवर घेतल्यासारखं उचलते. तिनं पाणबुड्या उचलल्या, वादळात तळ फाटलेली जहाजं उचलली, एकदा तिला ओढत बेटांकडे नेलं तेव्हा तिथंही तिनं काम केलं. तिची सेवा चोख होती. डाग आमचा होता.

मी पंपांच्या बटणांच्या पाटीवर होतो. माझ्याच जिल्ह्यातला एकजण तिथं पाण्याखालचं काम करायचा. बेज्जूरकडचा, प्राणहिता नदीच्या डोहात मासे धरत वाढलेला. जहाज गोदीच्या लाकडी ठोकळ्यांना टेकू लागलं की पंप थांबवायचे. त्यानं खाली जाऊन जहाजाच्या तळाचा कणा ठोकळ्यांवर नीट बसलाय का ते हातानं चाचपायचं, वर येऊन शिडीला लटकायचं आणि ओरडायचं, “बसली वोऽऽ!” जहाजाला तो बोटच म्हणायचा. ती आरोळी आली की मी पंप पुन्हा सुरू करायचो. त्याआधी नाही, हा साहेबांचाच नियम. साहेब त्याच्या त्या ‘वो’ची रोज नक्कल करायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचो.

त्या दिवशी भिंतीवर मोठे अधिकारी पाहुणे घेऊन उभे होते. जेवणाच्या आत जहाज पाण्याबाहेर दिसायला हवं होतं. तो खाली होता. साहेब माझ्या मागे येऊन म्हणाले, “चल, सुरू कर.”

“साहेब, आवाज नाही आला.”

“मी ऐकला. सुरू कर!”

मी बटण दाबलं. थोड्याच वेळात पाण्यावर बुडबुडे उसळले, शिडीपाशी उभा असलेला एक खलाशी किंचाळला. मी पंप बंद करून तळात पाणी सोडलं, जहाज पुन्हा तरंगलं, तेव्हा कुठे त्याला ओढून काढता आलं. ठोकळा आणि कणा यांच्यामध्ये त्याचं पाऊल चिरडलं होतं.

चौकशीत साहेबांनी सांगितलं की तो वर आला, ओरडला आणि दारूच्या धुंदीत पुन्हा खाली गेला. “तो गावंढळ आवाज मी हजारात ओळखीन,” हे त्यांचं वाक्य. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, “मीबी ऐकला.” तो पिलेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. सकाळचा चहा आम्ही एकाच किटलीतून घेतला होता. पुढे पाटीचा प्रमुख मी झालो. तो गावी गेला आणि गावात दारुड्या ठरला.

साहेबांच्या फोननंतर मी उटनूरची बस धरली, पुढे आणखी बसगाड्या बदलत बेज्जूर गाठलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो दारात खाटेवर बसून जाळं विणत होता. काठी शेजारी.

“काऊन आला बे?” त्यानं मान वर न करताच विचारलं. “मेलो का नाही, ते पाहाले?”

मी साहेबांच्या लेखाबद्दल सांगितलं. त्याचे हात थांबले.

“अजून दारूच लिवून राह्यला तो?”

“हो.”

“आन् तू का म्हनला?”

“हो म्हटलं.”

त्याची बायको आतून म्हणाली, “याले चहा देऊ का हाकलू, सांगा.”

“दे,” तो म्हणाला. “काम हाय याच्याकून.”

काय करायचं ते त्यानंच ठरवलं. मी साहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला. शेजारचे चौघे कुंपणाशी येऊन उभे राहिले.

“साहेब, लेखासाठी एक विचारायचं होतं. त्या दिवशी तो ओरडला, तो आवाज त्याचाच, याची खात्री आहे ना?”

“शंभर टक्के! आजही ओळखीन.”

मी फोन त्याच्या तोंडापुढे धरला. त्यानं छाती भरून घेतली आणि ओरडला, “बसली वोऽऽ!” कोंबड्या पळाल्या.

मग साहेब चिडून म्हणाले, “कोण आहे हा? काय ओरडतोय?”

“ओळखा ना साहेब,” तो म्हणाला. “ज्या आवाजापायी माहा पाय नेला, तो आवाज हाय. तवा आला नवता, आज घ्या.”

फोन बंद झाला. कुंपणाशी उभा असलेला एक म्हातारा हळूच म्हणाला, “म्हंजे हा पिऊन नवता?”

मला वाटलं, आता तो हसेल. त्यानं काठी उचलून माझ्या छातीवर टेकवली. “त्याचं झालं. आता तुहं. लिव. ‘आमच्याकून चूक झाली’ असं लिवशील तं पाह्यजो. आमी नाही, तू.”

म्हणून लिहितो. बटण मी दाबलं. आवाज मी ऐकला नव्हता. चौकशीत मी खोटं बोललो. तो शुद्धीत होता, आणि त्याच्यासारखा पाण्याखालचा माणूस त्या गोदीनं पुन्हा पाहिला नाही. साहेबांनी मागितलेलं पान हेच. हयात असलेल्या प्रत्येक जुन्या सोबत्याला ते आधी पाठवतोय, साहेबांना सगळ्यात शेवटी पाठवीन.

त्याच्याकडून माफी मिळाली नाही. मी मागितलीही नाही.

साहेबांचे फोन येतायत, रोज, कधी दोनदा. मी वाजू देतो. पलीकडून आवाज येईपर्यंत थांबायचं असतं, साहेब. तो नियम तुमचाच होता.