केशरीचा फैसला

कलीम कॅसेटवाला म्हटलं, की एके काळी लातूरच्या गंजगोलाईतला कुठलाही रिक्षावाला तुम्हाला थेट त्याच्या दारात आणून सोडायचा. आता तेच नाव घ्या, समोरचा डोकं खाजवील आणि मग म्हणेल, "झेरॉक्सवाले कलीमभाई का? ते काय, क्लासच्या समोर." माणूस तोच, दुकान तेच, नुसतं नेपथ्य बदललं. भिंतभर कॅसेटी होत्या तिथं आता नोट्सचे गठ्ठे. सकाळपासून पोरांची रांग, कोण औशाचं, कोण निलंग्याचं, सगळी डॉक्टर व्हायला आलेली. मशीनचा हिरवा उजेड दिवसभर कलीमच्या तोंडावरून इकडून तिकडं फिरतो. त्या उजेडात त्याच्याकडं बघितलं की वाटतं, ह्या माणसाला कुणीतरी बसल्या जागी दमवलंय.

पण जवानीतला कलीम बघायला हवा होता! केस मानेपर्यंत, बोटात चांदीची अंगठी, आणि वरात असो, गणपती असो की उरूस, गावभर त्याचेच भोंगे. दुकानाच्या कोपऱ्यात मात्र हळू आवाजात वाजायची ती विलायतेतल्या एका जोडीची गाणी. दोघंच जण. एक उंच, कंटाळलेल्या तलाठ्यानं सातबारा वाचून दाखवावा तसा गायचा. दुसरा यंत्रामागं ढिम्म उभा, हसू नाही की रडू नाही. लातूरनं त्यांचं बारसं केलं : लांब्या आणि मुका. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. पण त्या आवाजात थकवा होता आणि थकव्याखाली ठेका होता, तेवढं लातूरच्या पोरांना बरोबर कळलं. अल्बमची नावं जिभेवर बसेनात, तेव्हा कव्हरच्या रंगावरून ती पांढरी, निळी, तपकिरी आणि केशरी झाली.

त्या काळी कॅसेट भरून मिळायची. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणायचं, दुकानदार तीत गाणी भरायचा. कलीमचा एक नेम होता. बाजू संपताना गाणं मध्येच तुटता कामा नये. पोत्यात धान्य हादरवून बसवावं तशी तो गाणी मागंपुढं करून दोन्ही बाजूंत नेमकी बसवायचा. "तुटकं गाणं माझ्या दुकानातून बाहेर जाणार न्हाई," असं छाती पुढं काढून सांगायचा. परिणाम असा झाला, की लातूरपासून उदगीरपर्यंत ज्यांनी ज्यांनी लांब्या-मुक्यावर जीव टाकला, तो कलीमनं लावलेल्या क्रमावर टाकला. कुणाला वावगं वाटलं नाही. ज्यानं मूळ पाहिलंच नाही, त्याला वावगं कशाला वाटेल?

ह्या भक्तमंडळाचा म्होरक्या होता नरसिंग. मूळचा उदगीरचा, लातूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. संध्याकाळी दुकानात आला की तास तास वाद घालायचा. निळी श्रेष्ठ की पांढरी, मुका खरंच काही करतो की नुसता उभा राहतो. कलीमही हटायचा नाही. चहावाला कप उचलायला यायचा आणि उभ्या उभ्या ऐकत राहायचा.

चौऱ्याण्णव साली नरसिंगनं पुण्याहून केशरी आणली. नाचतच दुकानात आला. "कलीम, ही घे. सगळ्यांच्या वर आहे ही! पाच जणांना भरून दे." कलीमनं कॅसेटकडं बघितलंसुद्धा नाही. "ही बेकार आहे. माझ्या दुकानात नको." "ऐकली का तू?" "ऐकली." "पुरी?" "नको म्हटलं ना नरसिंग!" गिऱ्हाइकांसमोर असा तुटून बोललेला कलीम कुणी पाहिला नव्हता. नरसिंगनं कॅसेट खिशात घातली आणि पायरी उतरला. पुढं त्यानं नांदेडला क्लास काढला, तो भरभरून चालला, तीनशे पोरांपुढं माईक घेऊन गळा फाडण्यात वर्षं गेली. पायरी उतरलेला माणूस परत चढला नाही.

मधल्या काळात पोरंबाळं मार्गी लागली, गुडघे बोलू लागले, आणि उदगीरच्या आडतीवरच्या बसवंतनं जुन्या भक्तांना मोबाइलच्या ग्रुपवर गोळा केलं. मग काय, जुना निकाल पुन्हा तपासायला सगळे बसले. बसवंतनं लिहिलं, "निळी मोबाइलवर ऐकली. पहिल्यासारखी मजा न्हाई आली. माझे कान म्हातारे झाले का?" औशाच्या शाळेतल्या मुबश्शिरा मॅडमनी लिहिलं, "आपण केशरीवर अन्याय केला. आता ऐका, रडाल." खाली सगळ्यांचं हाव, हाव, खरंय. कलीम वाचायचा आणि मोबाइल पालथा घालून नोट्सना स्टेपल मारायचा.

एका बुधवारी मात्र मेसेज त्याच्या एकट्याच्या नावावर आला. "कलीम, सोमवारी घशाचं ऑपरेशन. गाठ आहे. नंतर आवाज राहील की जाईल, डॉक्टर सांगत नाहीत. केशरीचा फैसला राहिलाय आपला. तोंडी करायचाय. ये. नरसिंग."

बायकोला, गौसियाला, त्यानं तो वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "जाको आव."

"केशरीच लावील तो."

"तो सुनो. इत्ते बरस का रुसवा कोई अचार है क्या, मुरता रखने को?"

केशरीचं काय आहे, ते घरात फक्त तिलाच ठाऊक होतं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात ती कॅसेट मुंबईहून पार्सलनं आली, कलीमनं अधाशासारखं पहिलं गाणं ऐकलं आणि ती खिशात ठेवून विसर्जनाच्या भोंग्यांमागं धावला. पहाटे जमीन हलली. सकाळी कुणीतरी ओरडत आलं, भोंगे घेऊन किल्लारीकडं चला. जीपमध्ये भोंगे, बॅटरी, टेप सगळं होतं. तिकडं कुठल्या जखमीला कुठल्या दवाखान्यात नेलं, ती नावं पुकारायची होती. ओरडून ओरडून कलीमचा घसा बसला, तेव्हा त्याला युक्ती सुचली. नावं कॅसेटवर भरायची आणि वाजवत राहायचं. कोरी कॅसेट नव्हती. खिशात होती ती केशरी. विकतच्या कॅसेटीवर भरता येऊ नये म्हणून कडेचा तुकडा तोडून खाच ठेवलेली असते. त्यानं तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि लांब्याच्या गाण्यावर नावं भरली.

पण नावं संपली तरी टेप उरायची. मग त्या पडलेल्या गावावर, मातीच्या ढिगांवर एकदम लांब्याचा आवाज यायचा, ठेक्यात, नाचरा. कलीम धावत जाऊन बंद करायचा. एकदा पोहोचायला उशीर झाला. केवळाबाई नावाची एक म्हातारी भोंग्याखाली मान वर करून उभी होती. तिनं त्याचा हात धरला. "बाबा, ह्यो कोन बोलून राहिलाय? ह्याची बोली कळंना मला. माझ्या शेषेरावचं नाव घेतलं का रं ह्यानं?"

कलीमनं हात सोडवून टेप बंद केला. त्यानंतर त्याला केशरी ऐकता आली नाही. आणि हे काही दुकानाच्या पायरीवर, गिऱ्हाइकांत उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी तो नांदेडच्या एसटीत बसला. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, त्याचा डोळा लागेना. नरसिंगच्या घरी खालच्या मजल्यावर क्लास चालू होता; त्याचाच एक जुना विद्यार्थी आता शिकवत होता, माईकचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. वर नरसिंग लुंगीवर बसलेला. वाळलेला.

"म्हातारा झालास की रे," नरसिंग म्हणाला. आवाज चाळणीतून वाळू पडावी तसा.

"तू काय नवरदेव दिसून राहिलास का?"

नरसिंगची बायको सिंधु चहा घेऊन आली. तिच्या हातात एक पाटी पण होती. "कलीमभावजी, ह्यांना सांगा जरा. डॉक्टरांनी बोलायचं न्हाई म्हणून सांगितलंय. काय ते पाटीवर लिहा म्हणते, तर ऐकत न्हाईत."

"पाटीवर भांडण होतं का?" नरसिंगनं पाटी खाटेखाली सरकवली. "आधी निळी लाव. मग केशरी. सरळ, पहिल्यापासून."

मोबाइलवर निळी सुरू झाली. दुसऱ्या गाण्यालाच नरसिंगच्या कपाळाला आठ्या पडल्या. चौथं गाणं फार लवकर आलं. शेवटचं तर मधेच उगवलं आणि मग उरलेल्यांना काही अर्थच राहिला नाही. सगळी गाणी ओळखीची, पण लग्नात सगळे नातेवाईक चुकीच्या पंगतीला बसावेत तसं झालं.

"बसवंत खरं म्हणतो," नरसिंग कष्टी होऊन म्हणाला. "ही ती निळी न्हाई. आपण काय ऐकत होतो रे?"

कलीमनं कान खाजवला. "क्रम बदललाय."

"कुणी?"

"मी. लांब्यानं असंच काढलं होतं, आता वाजलं तसं. ते शेवटचं माझ्या बाजूत बसंना. तुटत होतं. म्हणून उचलून शेवटी टाकलं. मग दुसरी हलवावी लागली."

नरसिंग असा हसला, की हसता हसता ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. सिंधु पाणी घेऊन धावत आली. "म्हणजे अख्खी निळी तुझी! लातूर, उदगीर, औसा, सगळे तुझ्या निळीचे भक्त! आणि आम्ही नाव घेऊन राहिलो त्या लांब्याचं!"

"गाणी त्याचीच की."

"गाणी त्याची, जीव तू घातला. बरं. आता केशरी लाव. हिला तुझा हात लागला न्हाई. ही आहे तशी ऐकायची."

कलीमनं बोट पुढं केलं आणि तसंच ठेवलं. पहिला ठेका कसा पडतो, ते त्याला पाठ होतं. तेवढंच पाठ होतं. नरसिंगला ते बोट दिसलं.

"काय रे? ऐकली होतीस ना तू?"

"न्हाई," कलीम म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. भोंगे, नावं, चिकटपट्टी, केवळाबाई. भाषण नव्हतं ते. थांबत थांबत, जमिनीकडं बघून. खाली क्लासमधल्या पोरांनी कुठल्याशा प्रश्नाला एका सुरात हो म्हटलं.

"आणि मी समजत होतो, तुला माझी आवड हलकी वाटली," नरसिंग म्हणाला. "एवढी वर्षं मी ती तुझ्यावर रागानं ऐकली रे. दर वेळी म्हणायचो, बघ कलीम, हे बघ." त्यानं मोबाइल स्वतःकडं ओढला. "नको ऐकू. राहू दे."

"लाव," कलीम म्हणाला. "तुझ्यासोबत ऐकतो. एकट्यानं होत न्हाई."

नरसिंगनं लावली. पहिल्या गाण्याला कलीमनं खाटेची कड घट्ट धरली. दुसऱ्याला धरलीच होती. तिसऱ्यात कुठंतरी त्याची बोटं सैल झाली. म्हणजे बरं वाटलं असं नाही, हात दमला. मग नुसतं गाणं ऐकू येऊ लागलं. दोघांनी माना खाली घालून अख्खी केशरी ऐकली. सिंधु दारात उभी राहून बघत होती, पाटी तिनं पुन्हा हातात घेतली होती.

संपल्यावर नरसिंगनं विचारलं, "बोल."

कलीमनं त्याच्या वाळलेल्या गळ्याकडं बघितलं. "भारी आहे. तू म्हणत होतास ते खरं. सगळ्यांच्या वर."

"खोटं."

"अरे, खरंच."

"तीस वर्षं मास्तरकी केली मी. ज्या पोराला काय बी कळलं न्हाई, ते असंच म्हणतं, लई भारी सर." नरसिंगचा आवाज घोगरा होऊन फाटला. "दया दाखवायला बोलावलं न्हाई तुला. दया करायला नातेवाईक हायत की माझे. खरं सांग."

कलीम हुश्श करून मागं रेलला. त्याला फार थकल्यासारखं झालं, आणि त्या थकव्यात खोटं बोलायचंही त्राण उरलं नाही. "खरं सांगू? पहिली तीन उगाच नाचतात. दारातच एवढं नाचलं, तर आत आल्यावर काय करायचं? ते सातवं आहे ना, हळू आवाजातलं, ते पहिलं पाहिजे."

नरसिंग ताठ बसला. डोळे चमकले. "येडा आहेस का तू! सातवं पहिलं टाकलं तर पुढं काय उरलं?"

"पुढं चौथं."

"चौथं? चौथ्यानं तर वाट लागेल!"

"तुझी लागेल. माझी न्हाई लागत."

"अहो!" सिंधु ओरडली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? भावजी, तुम्ही तरी!"

"वहिनी, हा ऐकतोय का? कॉलेजात होता तसाच आहे. समोरच्याचं पुरं ऐकायचं न्हाई आणि फळ्यावर लिहायला सुरुवात करायची."

"आणि तू? गाणं उचलायचं आणि पोत्यात कोंबायचं!"

बराच वेळ असं चाललं. सातव्यावर दोघांचं जमलं, चौथ्यावर मोडलं, आठव्याचं काय करायचं ते दोघांनाही कळेना. नरसिंगचा आवाज जात होता, येत होता. मधून फक्त ओठ हलायचे आणि कलीम ते वाचून उलटून बोलायचा. शेवटची एसटी सुटायची वेळ झाली तेव्हा तो उठला नाही. त्यानं गौसियाला फोन लावला. "उजमा बेटीला सांग, चार दिवस दुकान बघ म्हणावं. सोमवारचं ऑपरेशन होईतो मी इथंच आहे." पलीकडून गौसियानं काय विचारलं कोण जाणे. कलीम म्हणाला, "कुठला फैसला? चौथ्यावर अडलंय."

नरसिंगनं उशीला टेकून डोळे मिटले होते. तो पुटपुटला, "सोमवारच्या आत तुला पटवतो मी."

"आणि सोमवारनंतर?"

"नंतर तू बोलत बस. मी मान हलवीन. न्हाई म्हणून."