निलगिरीखालचा पाय

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही मला आधी वैताग येतो आणि मागोमाग लाज वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एका अळंबीने मला जेवढं नाचवलं तेवढं कुठल्याही गुन्हेगाराने नाचवलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पावण्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पोलीस निरीक्षक होतो. खारघर तेव्हा नुसतंच आखलेलं होतं. आखलेले रस्ते आणि उघड्या टेकड्या. तिथल्या एका उतारावर निलगिरी लावण्याचं काम एका ठेकेदाराकडे होतं. त्याचा सुपरवायझर आमच्या हद्दीत राहायचा. गणपती विसर्जनानंतर एका सकाळी त्याची बायको ठाण्यात आली. नवरा आठ दिवस घरी नव्हता. मिसिंगची नोंद घेतली, स्टेशन डायरीला टाकली आणि कामावरच्या मजुरांकडे चौकशी सुरू केली.

सगळ्यांनी एकच भांडण सांगितलं. रोपं धडाधड मरत होती. सुपरवायझरने सर्वांसमोर माळ्याला झापलं, "उद्यापासून येऊ नकोस." माळी पावणे गावचाच, पन्नाशी उलटलेला. जाता जाता तो म्हणाला होता, "थांबा, दाखवतोच तुमाला." दुसऱ्या दिवसापासून सुपरवायझर गायब. पोलिसाला यापेक्षा जास्त काय हवं?

दोन दिवसांनी एका कारखान्याच्या वॉचमनचा फोन आला. "साहेब, कंपाउंडमागच्या निलगिरीत एक माणूस रोज सकाळी फावडं घेऊन येतो. आता पण आहे. आणि साहेब, तिकडे जमिनीतून पाय वर आलाय."

"कसला पाय?"

"माणसाचा! टाच वर हाय. काळा पडलाय."

जीप काढली. झाडांखाली तोच माळी उभा होता, सायकलला दोन भरलेली पोती बांधलेली. पोती उपडी केली. आत माती आणि तपकिरी ढेकळं. दहा पावलांवर पालापाचोळ्यातून खरंच पायासारखं काहीतरी वर आलं होतं. काळपट, सुजलेलं, बोटांसारखे उंचवटे. मी हवालदाराला बजावलं, "कोणी हात लावायचा नाही."

जमिनीतून प्रेत काढायचं तर दंडाधिकारी लागतात. नायब तहसीलदार ठाणे शहराहून येईपर्यंत चार तास गेले. दोन पंच, एक वैद्यकीय अधिकारी, खणणारे मजूर. तोवर अर्धी वसाहत जमली आणि एक वडापाववाला गाडी लावून उभा राहिला. तीनदा हाकलला, तीनदा परत आला.

शेवटी मजुराने भोवतालची माती सैल केली आणि पाय अलगद ओढला. तो उपटून हातात आला आणि फुटला. तपकिरी पूड भसकन उडून हवालदाराच्या वर्दीवर बसली. डॉक्टरांनी उरलेला तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला.

"साहेब, ही अळंबी आहे. हिचं पोस्टमॉर्टेम मी कसं करणार?"

लोक हसले. नायब तहसीलदार हसले नाहीत. "चार तास मला यासाठी बसवलंत? काय सापडलं ते नावासकट लेखी द्या," म्हणाले आणि निघून गेले.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण हसं झालेला अधिकारी हट्टाला पेटतो. पाय नसेल, पण माणूस रोज खणतो म्हणजे काहीतरी पुरलंच असणार, असं धरून मी अख्खी रांग खणायला लावली. संध्याकाळपर्यंत हाती काय? मुळं, आणि मुळांना लपेटलेले पिवळसर धागे.

माळ्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

"सुपरवायझर कुठे आहे?"

"मना नाय म्हाईत."

"मग तिथे कशाला जायचास?"

"माती न्यावला, साहेब."

"खारघरला माती नाही? पावण्याहून सायकलवर माती नेतोस?"

"हीच माती लागते, साहेब."

मी कागदावर लिहिलं, 'संशयित उडवाउडवीची उत्तरे देतो.' दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न, तीच उत्तरं. हवालदाराचा संयम सुटला आणि त्याने एक थप्पड लगावली. मी समोर होतो. मी त्याला अडवलं नाही. माळी गाल धरून बसला आणि त्यानंतर बोललाच नाही. अटक दाखवायला पुरावा नव्हता आणि सोडायला मन होत नव्हतं. दोन दिवस त्याला असाच बसवून ठेवला. ते नियमात बसत नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

अहवालात त्या अळंबीचं नाव लिहायचं होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी पोत्यातलं त्याच अळंबीचं एक अख्खं ढेकूळ वर्तमानपत्रात गुंडाळून नेरूळच्या कॉलेजात गेलो. वनस्पतिशास्त्राच्या बाई श्रीवर्धनकडच्या, बोलायला स्पष्ट. ढेकूळ पाहताच त्यांचे डोळे चमकले.

"कुठे मिळालं? निलगिरीखाली ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ही झाडाच्या सोबतीनेच वाढते. हिचे धागे मुळांना लपेटतात, लांबवरून पाणी आणि क्षार ओढून झाडाला देतात. झाड तिला साखर देतं. रोपाला ही सोबत मिळाली नाही, तर मुरमाड जमिनीत त्याचं काही खरं नाही."

मला सायकलवरची पोती आठवली. "म्हणजे नवीन रोपांना जुन्या झाडाखालची माती घातली तर?"

"उत्तम! पण हे कोणी शोधून काढलं? मला भेटवा त्यांना."

ते महाशय माझ्या ठाण्यात बाकड्यावर बसले होते, हे सांगायला जीभ रेटेना.

त्याच दुपारी माळ्याला आणि बाईंना घेऊन खारघरच्या उतारावर गेलो. सगळीकडे वाळक्या काड्या. वरच्या अंगाला मात्र रोपांची एक रांग कंबरेपर्यंत आलेली, पानं चकचकीत. त्या थपडेनंतर माळी पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला, "आखाडापासून या रांगेला ती माती घालतोय. हेच दाखवणार व्हतो त्यांना." बाईंनी एक रोप हलकेच उकरलं. मुळांवर तेच पिवळसर धागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता बेपत्ता सुपरवायझर स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला. ठेकेदाराशी बिनसलं म्हणून सुरतेला दुसरं काम बघायला गेला होता. बायकोशीही अबोला, म्हणून घरी कळवलं नव्हतं. वर मलाच विचारतो, "साहेब, माझी बदनामी कोणी केली?" आयुष्यात फार थोड्या वेळा मी टेबलाखाली मुठी आवळून बसलो आहे. त्यातली ही एक.

ठेकेदाराला बाईंचं पत्र नेऊन दाखवलं आणि माळ्याला परत कामावर घ्यायला लावलं. घरी सोडताना त्याची माफी मागितली. ते मला नीट जमलं नाही. उलट चिडून विचारलं, "अहो, पहिल्याच दिवशी हे सगळं नीट सांगायचं होतंत!"

"सांगितला ना, साहेब. माती न्यावला जातो म्हनून सांगितला." तो जीपमधून उतरला. "माती कशाला लागते, ते तुमी इचारलाच नाय."

दोन दिवसांत मी त्या माणसाला पन्नास प्रश्न विचारले असतील, पण प्रत्येक प्रश्न माझ्या मनातल्या खुनाचा होता, त्याच्या उत्तराचा एकही नव्हता. खोटं बोलणारा गोष्ट रचून, पटेल अशी सांगतो. खरं बोलणाऱ्याला तेवढी गरज वाटत नाही; म्हणून खरं कधी कधी वेड्यासारखं ऐकू येतं. पुढे नव्या फौजदारांना मी हेच सांगत आलो: उत्तर मूर्खपणाचं वाटलं तर हात उचलू नका, आणखी एक प्रश्न विचारा. बहुतेक जण साहेबांचं मन राखायला मान डोलवायचे. तेव्हाही मला वैतागच यायचा.