लॉकीच्या फाटकातल्या खुणा

एफी मॅकॅस्किल कुणावर सहजासहजी विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हती. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या त्या किनाऱ्यावर बर्फ पडला, की कोण घरी आहे आणि कोण नाही, हे ती फाटकातल्या चाकांच्या खुणांवरून सांगायची. म्हणूनच शेजारच्या घरातला भाऊ लॉकी पोर्तुगालला राहायला गेला, तेव्हा तो घरीच आहे असं दिसावं म्हणून त्याच्या फाटकातून आपली गाडी आतबाहेर करून खुणा उमटवायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. टपाल उचलायचं, तेही तिनेच. वर्षातले सहा महिने प्रांतात काढले नाहीत, तर सरकारी उपचारांचं कार्ड जातं. आणि लॉकीला त्याच कार्डावर गुडघा बदलून घ्यायचा होता.

या गुडघ्यामुळेच तिच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागला. तिचा स्वतःचा खुबा दोन वर्षं रांगेत होता. डॉक्टर तोच, यादी तीच, आणि जूनची तारीख मिळाली लॉकीला!

"काय सांगितलंस रे तू त्यांना?" तिने फोनवर विचारलं.

"मी कशाला काय सांगू? माझा नंबर आधी लागला. तू ना एफी, पाळण्यातल्या पोरावरसुद्धा संशय घेशील!"

"पोर एवढं गोड बोलत नाही."

मार्चमध्ये त्याच्या नावाने करखात्याचं पाकीट आलं. भावाचं टपाल तिने आजवर फोडलं नव्हतं. हे मात्र किटलीच्या वाफेवर धरून उघडलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही. आत लिहिलं होतं: आपण कळवल्याप्रमाणे आपण आता पोर्तुगालचे रहिवासी असून कॅनडात आपलं राहतं घर नाही, जवळचं कुणीही नाही.

म्हणजे डॉक्टरसाठी इथला आणि कर चुकवायला तिथला! लबाडीचं तिला फारसं नवल वाटलं नाही. त्यात तीही सामील होतीच. पण 'जवळचं कुणीही नाही' हे शब्द तिला फार लागले. ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडली.

आठवड्याभराने आरोग्य कार्यालयातून फोन आला. कुणी चुगली केली असेल, हा विचार आधी तिच्या मनात आला.

"लॉकलन मॅकॅस्किल तिथेच राहतात ना, बाई? शेजारीण म्हणून त्यांनी तुमचं नाव दिलंय."

"शेजारीण?"

"हो. आडनाव एकच दिसतंय."

"इथे निम्मं गाव मॅकॅस्किल आहे."

"त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

'काल, फाटकापाशी.' हे उत्तर तिला तोंडपाठ होतं. एवढं म्हटलं की गुडघा वाचणार होता. नाही म्हटलं तर कार्ड, गुडघा, सगळंच जाणार होतं.

"आईच्या मातीला," ती म्हणाली. "येत्या ऑगस्टला दोन वर्षं होतील."

पलीकडे लिहून होईपर्यंत ती थांबली.

"आणि तेही नीट लिहा. शेजारीण नाही, सख्खी बहीण."