शिस्तीत न बसलेला सभासद

सांगलीच्या आमच्या सेवा क्लबात गेल्या वर्षी 'सभासद कसे टिकवावेत' या विषयावर एक शिबिर झालं. पुण्याहून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'माणसं क्लब का सोडतात?' आणि आम्हा जुन्यांकडून उत्तरं मागितली. कुणी म्हणालं, बदली होते. कुणी म्हणालं, वेळ मिळत नाही. एकजण म्हणाला, हल्लीच्यांना सेवा नको, फोटो हवेत. सगळ्यांत जुना म्हणून शेवटी मला उभं केलं. मी म्हणालो, "वैयक्तिक कारणं असतात." लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसलो आणि घरी पोचेपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

कारण मला उत्तर ठाऊक होतं. निदान एका माणसाचं तरी. ते आता लिहितो आहे. ज्यांना आवडणार नाही त्यांनी खुशाल तोंड वाकडं करावं. ऐंशीला टेकलेल्या माणसाला आता कुठल्या कमिटीवर जायचं नाही.

मी मूळचा पलूसकडचा, ऊसवाल्या घरातला. पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि क्लबाचा सेक्रेटरी म्हणून बरीच वर्षं काढली. दर मंगळवारी संध्याकाळी सभा असायची. एस.टी. फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरायची, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ती सवय आम्ही क्लबातही आणली होती. लवकर येणारा शेजारच्या दोन-तीन खुर्च्यांवर रुमाल, चष्म्याचं घर, वर्तमानपत्र असं काहीतरी ठेवून आपल्या माणसांची जागा धरायचा. याचं कुणाला वाईट वाटत नसे. ज्याला वाटलं असतं, त्याच्यासाठी कुणी रुमाल टाकतच नव्हतं.

अशात, तीसेक वर्षांपूर्वी, माधवनगरचा एक यंत्रमागधारक सभासद झाला. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला. लहानपणी मागावर कामाला लागला आणि पुढे स्वतःचे माग टाकले. मागाच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्याला हळू बोलता येत नसे. चहा छान झालाय, एवढं सांगितलं तरी सगळ्या हॉलला कळायचं.

पहिल्या मंगळवारी हार, नारळ, टाळ्या. त्याच्या कोटाला बिल्ला मीच लावला. दुसऱ्या मंगळवारी तो आला, चार-पाच खुर्च्यांपाशी घुटमळला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीपाशी थांबला. तिच्यावर माझा रुमाल होता.

"इथं कुणी हाय का?"

"आहेत. येतायत," मी म्हणालो.

कुणी येणार नव्हतं. ज्याच्यासाठी मी जागा धरायचो तो माझा मित्र त्या आठवड्यात मुलीकडे सोलापूरला होता, आणि मला ते माहीत होतं. पण हा शेजारी बसला तर तासभर कानाशी मोठ्यानं बोलणार, आणि त्याहून खरं सांगायचं तर त्याचं 'हाय' आणि 'न्हाई' माझ्याशी चाललेलं लोकांना ऐकू जाणार. माझ्या घरीही तसंच बोलतात. खात्यात साहेब झाल्यावर मी ते घासून काढलं होतं. दुसऱ्या कुणामुळे ते पुन्हा अंगाला चिकटायला नको होतं.

तो हात धुवायच्या बेसिनजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसला. माझ्या शेजारची खुर्ची सभा संपेपर्यंत रिकामी राहिली.

तिसऱ्या मंगळवारी त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, "येतायत." चौथ्या मंगळवारी त्यानं विचारलं नाही. सरळ बेसिनकडे गेला.

तरी त्या हिवाळ्यात आमचं मोतीबिंदूचं शिबिर त्याच्यामुळेच झालं. पूर्वेकडच्या वाड्या-वस्त्यांवर आमच्या पत्रकांना कुणी विचारत नसे. डोळ्यात सुई घालणार म्हटल्यावर म्हातारी माणसं घरातून हलतच नव्हती. हा आपल्या टेम्पोतून वस्तीवस्तीवर गेला. एका आजीला म्हणाला, "आवं, नातसुनंचं तोंड बगायचं हाय का न्हाई? का नुसतं तिच्या हातचं खाऊनच वळखायचं?" आजी हसली आणि टेम्पोत चढली. हे मी स्वतः पाहिलं आहे. त्या शिबिराच्या अहवालात मी डॉक्टरांची नावं लिहिली, अध्यक्षांचं लिहिलं, मंडपवाल्याचंसुद्धा लिहिलं. त्याचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.

उन्हाळ्यात त्यानं येणं बंद केलं. लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिलेल्या सभासदाला सेक्रेटरीनं फोन करायचा, असा आमचा नियम होता. मी छापील पत्र पाठवलं. पुढच्या हिवाळ्यात शिबिराला माणसंच आली नाहीत. ठपका कुणावर तरी ठेवायला हवा होता. त्याच वर्षी क्लबाची स्मरणिका निघाली. तिच्यात क्लबाच्या वाटचालीचा इतिहास मी लिहिला आणि एक वाक्य घातलं: 'माधवनगरचे आमचे एक यंत्रमागधारक सभासद क्लबाच्या शिस्तीत बसू न शकल्याने बाहेर पडले, त्याचा परिणाम नेत्रशिबिरावर झाला.' माधवनगरचा यंत्रमागधारक एकच होता. नाव लिहायची गरज नव्हती.

बसू न शकल्याने! बसायला जागा मीच दिली नव्हती.

पुण्याच्या त्या बाईंच्या शिबिरानंतर आठवड्याभरात मी पुण्याच्या एस.टी.त बसलो. त्याचे माग कधीच बंद पडले होते. तो त्याच वाटेवर शिरवळला मुलाकडे राहतो, हे मी माधवनगरात विचारून घेतलं होतं. मुलगा तिथल्या एका कंपनीत आहे. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तर तोच. थकलेला, पण आवाज तसाच.

"आवं, तुमी? हिकडं कसं काय? यष्टी चुकली का काय?"

सुनेनं चहा आणला. मी आढेवेढे घेतले नाहीत. रुमालाचं सांगितलं, सोलापूरला गेलेल्या मित्राचं सांगितलं. तो हसायला लागला.

"ते मला तवाच कळलं हुतं की. येतायत, येतायत म्हनता अन येतंय कोन? माग चालवला म्या. धागा तुटला तर चार मागांपल्याडनं दिसायचा मला. रिकामी खुर्ची दिसंना व्हय?"

"मग तेव्हाच बोलला का नाही?"

"बोललो असतो तर म्हनला असता, लय मोठ्यानं बोलतोय!" तो सुनेकडं वळला. "बाई, हे सायेब सांगलीस्नं आल्यात, एका खुर्चीपायी. आमच्यातली मानसं मेंढरू हरवलं तरी एवढ्या लांब जात न्हाईत."

हसत हसत तिथंच संपलं असतं. मलाही मोह झाला. पण स्मरणिका पिशवीत होती. मी ती काढून त्या पानावर उघडून दिली. त्याचा चष्मा सापडेना, म्हणून सुनेनं वाचून दाखवलं. 'शिस्तीत बसू न शकल्याने' आलं तशी ती थांबली.

"हे कुनी लिवलं?"

"मी."

त्यानं कप खाली ठेवला. "बारा-बारा तासांची पाळी केली म्या. भोंगा कवा चुकवला न्हाई. अन मला शिस्त न्हाई?"

मी म्हणालो, "माफी मागायला आलोय."

"माफी राहू द्या तुमच्याजवळ. खुर्चीचं बी जाऊ द्या, लाकडाची हुती. हे छापल्यालं हाय. माझी नातवंडं बुकं वाचत्यात, उद्या हे बी वाचतील. एवढं वाक्य काडा. दुसरं मला काय बी नगं."

मी "काढतो" म्हणून शब्द दिला. मग जिना उतरताना आठवलं की क्लबाची नवी स्मरणिका छपाईला गेली आहे आणि तिच्यात माझा तोच जुना इतिहास पुन्हा घेतला आहे.

आताच्या सेक्रेटरीला फोन केला. तो चांगला मुलगा आहे, पण ऐकेना. "काका, जुना मजकूर तसाच ठेवलाय. ऐतिहासिक नोंद आहे ती."

"खोटी नोंद कितीही जुनी झाली तरी खोटीच. मी लिहिलीय, मीच सांगतोय."

"पण आता पानं छापून झालीत. आणि कोण वाचतंय हो काका?"

शिरवळला एक घर वाचतंय, असं मी म्हणालो. "बघतो काका," म्हणून त्यानं फोन ठेवला. वाक्य मात्र राहिलं.

प्रकाशनाच्या दिवशी मी तासभर आधी हॉलवर गेलो. दाराजवळच्या टेबलावर स्मरणिकांचे गठ्ठे रचलेले होते. मी खुर्ची ओढून बसलो, काळं पेन काढलं आणि एकेक प्रत उघडून त्या वाक्यावर रेघ मारायला सुरुवात केली. पट्टी घेऊन मारली, खात्यातली सवय. एक गठ्ठा संपला तेवढ्यात अध्यक्ष आले. डॉक्टर आहेत, माझ्या मित्राचा मुलगा.

"काका, हे काय करताय?"

"दुरुस्ती."

"आमदारसाहेब येतायत. त्यांच्या हातात खाडाखोड केलेला अंक द्यायचा?"

"त्यांना सगळ्यांत आधी द्या."

"अहो, रेघ मारल्यामुळे लोक बाकी सगळं सोडून नेमकं तेच वाचतील!"

"वाचू देत. खाली अक्षरं दिसतील अशीच मारलीय."

त्यांनी गठ्ठ्याकडे हात नेला. मी त्याच्यावर कोपर ठेवलं. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा हात उचलून बाजूला करायची छाती अजून आमच्या क्लबात कुणाची नाही. म्हातारपणाचा तेवढा फायदा मी पुरेपूर घेतला.

लोक यायला लागले. उरलेल्या प्रतींवर रेघ मारत मारत अंक मीच सतराव्या पानावर उघडून हातात देत होतो. डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं, जो तो नेमकं तेच वाचून विचारायचा, "हे काय खोडलंय हो?" पहिल्याला मी लांबण लावून सांगितलं. पाच-सहा जणांनंतर एवढंच राहिलं, "त्याला बसायला जागा मी दिली नाही आणि वर लिहिलं की तो शिस्तीत बसत नाही." काही जण ओशाळून पुढे गेले. एक जुना सभासद म्हणाला, "आता कशाला उकरून काढताय? झालं गेलं." मी त्याच्या हातातली प्रत परत घेतली, त्याच्यासमोर ते पान पुन्हा उघडलं आणि म्हणालो, "आधी वाचा."

तो उभ्यानंच वाचू लागला. त्याच्यामागं रांग थांबली होती.